गिअरबॉक्स उतरवण्याआधी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



१९९१ सालचा मे महिना. लग्नसराई जोरात होती. तेव्हाच्या अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, माझं छोटं गॅरेज होतं. नगर-पाथर्डी रस्त्यावर भाड्यानं गाडी चालवणारे एक तात्या आपली जुनी अँबॅसेडर घेऊन दारात आले. म्हणाले, "मिस्त्री, गिअरबॉक्समधून ठोके येतात. गिअर बदलून क्लच सोडला की खालून कुणी हातोडा मारल्यासारखं होतं. परवा वऱ्हाड न्यायचंय."

मी एक चक्कर मारली, ठोका ऐकला आणि मोठ्या तोऱ्यात सांगून टाकलं, "तात्या, बेअरिंग गेलंय. बॉक्स उतरवावा लागेल."

बॉक्स उतरवला, खोलला. नवी बेअरिंग, नवी पॅकिंग, नवं ऑइल. यात चार दिवस गेले आणि तात्यांची दोन वऱ्हाडं गेली. पाचव्या दिवशी आम्ही दोघं करंजी घाटापर्यंत गेलो. पहिल्याच चढाला क्लच सोडला आणि खालून आवाज आला, ठक्! तात्या आवाज न चढवता म्हणाले, "मिस्त्री, हा तोच आहे की."

माझ्या शेजारी लष्करातून निवृत्त झालेले एक हवालदार राहत. नगर म्हणजे रणगाड्यांचं गाव, त्यामुळे असे जाणते हात इथे गल्लोगल्ली. त्यांनी इंजिन बंद करायला लावलं, चाकांना दगड लावले, गाडी न्यूट्रल केली आणि खाली शिरले. गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलकडे जाणारा लांब शाफ्ट दोन्ही हातांनी धरून उलटसुलट पिळला. "अरे, हे बघ." शाफ्टच्या क्रॉसमध्ये चांगलीच ढिलाई होती. क्रॉसच्या टोप्यांभोवती गंजाची तांबूस पूड साचलेली. आतलं वंगण संपून बारीक रोलर झिजले की अशी पूड पडते. क्रॉस बदलला, ठोका गेला. मजुरी मी घेतली नाही. पण बेअरिंगचे पैसे तात्यांचे गेले ते गेलेच.

त्या दिवसापासून एक धडा मी पाळत आलो. आवाज कुठून येतो याची साक्ष कानावर सोडायची नाही. गाडीचा पत्रा आणि चासी आवाज लांबवर नेतात. मागचा ठोका गिअरच्या दांडीपाशी ऐकू येतो. आवाज कधी येतो, हे मात्र कान बिनचूक सांगतात.

अँबॅसेडर काय, मारुती ८०० काय, दोन्हींचं उत्पादन २०१४ साली थांबलं. पण जिल्ह्यात आजही या गाड्या दिसतात, आणि "गिअरबॉक्स गेला" हे वाक्य त्यांच्या मालकांना हमखास ऐकवलं जातं. म्हणून काही बिनपैशाच्या परीक्षा सांगतो.

त्याआधी बॉक्सच्या आत काय आहे ते थोडं बघू. उसाच्या चरकात एका दातेरी चक्रानं दुसरं फिरतं, तसाच हा प्रकार. क्लचकडून फिरणं आत आणणारा एक शाफ्ट. त्याच्या खाली, त्याच्याशी कायम जोडलेला ले-शाफ्ट. आणि चाकांकडे फिरणं नेणारा मेन शाफ्ट. प्रत्येकाला आधार बेअरिंगचा.

पहिली परीक्षा उभ्या गाडीत. हँडब्रेक ओढा, न्यूट्रल करा, इंजिन चालू ठेवा. क्लचवर पाय नसताना आत येणारा शाफ्ट आणि ले-शाफ्ट फिरत असतात. क्लच पूर्ण दाबला की ते थांबतात. दाबल्यावर घरघर बंद झाली, तर संशय बॉक्सच्या पुढच्या बेअरिंगवर किंवा ले-शाफ्टच्या बेअरिंगवर. उलट, दाबल्यावरच आवाज सुरू झाला, तर बहुधा क्लचचं रिलीज बेअरिंग. ते बदलायलाही बहुतेक गाड्यांत बॉक्स उतरवावाच लागतो, पण खोलावा लागत नाही. बिलात फरक पडतो तो इथे. डिझेल गाडीत नुसती हलकी खडखड असेल, तर इंजिनाची आयडलिंग थोडी वाढवून बघा. आवाज विरला तर बॉक्सला हात लावण्याची घाई नको.

दुसरी परीक्षा रस्त्यावर. ठोका एकाच गिअरमध्ये येतो, एका लयीत येतो आणि वेगाबरोबर जलद होतो? मग त्या गिअरचा दात तुटला असण्याची शक्यता मोठी. पहिल्या तिन्ही गिअरना आवाज आणि चौथ्याला गाडी शांत? मग ले-शाफ्टची बेअरिंग, कारण जुन्या अँबॅसेडरसारख्या चार गिअरच्या गाडीत टॉपला ताकद सरळ आरपार जाते, ले-शाफ्टवर भार पडत नाही. मारुती ८०० ला हा नियम लावू नका, तिची रचना वेगळी आहे.

तिसरी परीक्षा सपाट, मोकळ्या रस्त्यावरच करायची. तीस-चाळीसच्या वेगात क्लच दाबून न्यूट्रल करा, इंजिन चालू राहू द्या. इंजिन मंदावलं तरी ठोका चाकांच्या गतीनं चालूच राहिला, तर बॉक्सच्या मागे शोधा: शाफ्ट, क्रॉस, डिफरन्शिअल, चाकाचं बेअरिंग. घाटात हे मुळीच करू नका. उतारावर न्यूट्रल केलं की इंजिनाचा अडसर जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

मारुती ८०० वाल्यांनी मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून सावकाश गोल फेरी मारावी. वळतानाच टकटक येत असेल तर एक्सलचा बाहेरचा जॉइंट बघा. त्यावरचं रबरी बूट फाटून ग्रीस उडालेलं दिसेल.

आणि तात्यांच्या गाडीसारखा एकच ठक्, तोही क्लच सोडताना किंवा अॅक्सिलेटर सोडून पुन्हा दाबताना? आधी क्रॉस, मग इंजिनाचे आणि बॉक्सचे फाउंडेशन रबर. रबर तुटलं की अख्खं इंजिन उडी मारतं.

जुन्या अँबॅसेडरचा पहिला गिअर चालत्या गाडीत टाकताना करकरतो, त्याला बिघाड समजू नका. गिअरचा वेग जुळवून घेणारी सिंक्रोमेश यंत्रणा कॅडिलॅकनं १९२८ मध्येच आणली, पण आपल्या त्या जुन्या बॉक्सच्या पहिल्या गिअरला ती नव्हतीच. गाडी थांबवून टाकायचा, एवढंच.

इतकं करून संशय बॉक्सवरच आला, तर आधी ऑइल बघा. पांढऱ्या थाळीत थोडं काढा, त्यात लोहचुंबक फिरवा. करडा, मऊ चिखल हा रोजच्या झिजेचा. पिवळी चमक दिसली तर सिंक्रोच्या पितळी रिंगा झिजताहेत. पोलादाचे तुकडे निघाले तर गाडी तिथेच उभी करा, गॅरेजपर्यंतही चालवत नेऊ नका. तुटलेला दात दोन गिअरच्या मध्ये अडकला तर बॉक्स जाम होतो आणि चालत्या गाडीची चाकं जागीच धरली जातात. ऑइल नुसतं कमी असेल तर गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलंच भरा. डिफरन्शिअलसाठी बनवलेलं जीएल-५ प्रतीचं काही ऑइल पितळी रिंगांना मानवत नाही.

आणि खाली शिरायचं तर नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही नाही. खाली भक्कम घोडी हवी, चाकांना दगड हवेत.

तात्या पुढेही माझ्याकडेच येत राहिले, हा त्यांचा मोठेपणा. मात्र कसलाही आवाज घेऊन आले की गाडीतून उतरतानाच विचारायचे, "मिस्त्री, आधी खाली झोपून बघता ना?"