शाळेच्या बसचे भय

जूनमध्ये शाळा उघडल्या की जे मूल आदल्या संध्याकाळपर्यंत नवे दप्तर पाठीला लावून घरभर मिरवत असते, तेच पिवळी बस दारात उभी राहताच आईचा पदर घट्ट धरून आकांत मांडते, आणि वडीलधारी मंडळी त्याला भित्रे ठरवून मोकळी होतात. वास्तविक ते भय बहुधा वाहनाचे नसून वियोगाचे असते. गुडघ्याहून उंच पायरी, दार मिटतानाचा धाडकन आवाज आणि आतले अनोळखी चेहरे त्यात भर घालतात.

म्हणून शाळेची परवानगी घेऊन, इंजिन बंद असताना, मुलाला उभ्या बसमध्ये न्यावे, दांडी धरून त्याचे त्याला चढू द्यावे, आसन त्यालाच निवडू द्यावे आणि बसमधल्या मदतनीस मावशींशी त्याची नावानिशी ओळख करून द्यावी. महाराष्ट्र शासनाच्या २०११ च्या शालेय बस नियमांनी असा मदतनीस सक्तीचा केला असून मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समितीचीही तजवीज केली आहे. तेव्हा तक्रार असल्यास तेथे दाद मागण्यास संकोच नको.

निरोप थोडक्यात, पण सांगून घ्यावा; नजर चुकवून पळ काढणे हा शुद्ध दगा होय. (चॉकलेटची लाच, आमच्या मते, लवकरच महाग पडते.) मात्र रुळलेले मूल एकाएकी बसला नाही म्हणू लागले, तर रागावण्यापूर्वी त्याला मळमळते काय, मागच्या बाकावरचे कोणी छळते काय, याची पालकांनी कृपया शांतपणे चौकशी करावी.