माझा देशकार भूप होतो

आजच्या भागात पाहुणे कोणी नाहीत, मी एकटाच बोलणार आहे. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लेखी मजकूर. बोलताना येणारे 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' बरेचसे काढलेत, काही राहिले असतील.

विषय आहे माझ्या गाण्याच्या ताई. त्यांना विचारूनच बोलतोय. "सगळं सांग, नाव तेवढं नको," म्हणाल्या.

आधी जागा सांगतो. मी राहतो पिरंगुटला आणि नोकरी करतो हिंजवडीत. दोन्ही मुळशी तालुक्यातच. हिंजवडीला रोज येणाऱ्या कित्येकांना आपण मुळशीत कामाला येतो हे माहीतच नसतं. इकडे काचेच्या इमारती, आणि पौडच्या पुढे गेलं की भाताची खाचरं, ताम्हिणीचा पाऊस आणि गावोगावची भजनी मंडळं. ताईंचा क्लास या दोन्हींच्या मधोमध. शेजारच्या गावातला पखवाज वाजवणारा मुलगाही येतो आणि माझ्यासारखा, बी.टेक. करून नोकरी लागल्यावर गाणं आठवलेलाही येतो.

ताईंनी लग्नाआधी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची मध्यमा पूर्ण परीक्षा दिली होती. पुढची पायरी विशारद प्रथम. ती राहिली ती राहिलीच. लग्न, मग मुलगा, मग सासूबाईंचं आजारपण. वीस-बावीस वर्षं त्या प्रारंभिक आणि प्रवेशिकेच्या मुलांना शिकवत होत्या. तेच अलंकार, तेच यमन आणि भूप, आणि गॅदरिंगच्या आधी "दोन गाणी बसवून द्या ना" म्हणणारे पालक. क्लास चालायचा, घराला हातभार लागायचा, तक्रार काही नव्हती. त्यांचं स्वतःचं गाणं मात्र मध्यमेला थांबलेलं होतं.

मग मार्च २०२० आला. क्लास बंद, फी बंद. ताईंचा फोन आला, "अरे, तू कॉम्प्युटरवाला ना? मोबाइलवर शिकवता येतं म्हणतात, ते बघ जरा."

इथे मी थोडा माझ्या धंद्यावर घसरणार आहे, सहन करा. व्हिडिओ कॉलची ॲप्स माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेली असतात. सतत एकसारखा चालणारा आवाज म्हणजे गोंगाट, असं त्यांचं गणित. पंखा, मिक्सर, रस्त्यावरची गाडी हे सगळं ती गाळून टाकतात. आता सतत एकसारखा चालणारा आवाज अजून कुठला? तानपुरा! ताई तानपुरा लावून बसायच्या आणि पलीकडच्या मुलांना तो दोन सेकंदांत गायब झालेला ऐकू यायचा. वर हळू आवाज मोठा करणं आणि मोठा आवाज दाबणं हेही ॲप आपल्या मनाने करतं. म्हणजे हलकेच घेतलेली मींड आणि जोरात लावलेला षड्ज एकाच मापाचे. ही गाळणी बंद करायचं बटण सेटिंगमध्ये खोलवर असतं. ते सापडल्यावर निम्मा प्रश्न सुटला.

उरलेला निम्मा सुटत नाही, आणि हे गाणं शिकवणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावं असं मला वाटतं. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. म्हणजे दहा मीटरवर बसलेल्या माणसाचा तबला आपल्याला सुमारे २९ मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. एवढ्या उशिरापर्यंत दोन कलाकार एकमेकांना सांभाळून घेतात, त्यापुढे लय ओढल्यासारखी वाटायला लागते. व्हिडिओ कॉलवर एका बाजूचा उशीर सहज १५० मिलिसेकंद असतो. ताईंनी टाळी दिली, ती मुलाला १५० नंतर पोचली, त्याचा सूर परत यायला आणखी १५०, एकूण ३००. द्रुत तीनतालात मिनिटाला २४० मात्रा धरल्या तर एक मात्रा २५० मिलिसेकंदांची. म्हणजे मूल बिचारं अगदी समेवर आलं तरी ताईंना ते एक मात्रा मागेच दिसणार.

याला उपाय म्हणून खास ॲप्स आहेत, पण ती जवळच्या अंतरावर. पुणे ते न्यू जर्सी साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो. तार अगदी सरळ टाकली तरी एका बाजूला साठ मिलिसेकंद गेलेच. तिथे माझं बी.टेक. काही करू शकत नाही.

म्हणून आम्ही पद्धत बदलली. तानपुरा आणि तबला मुलाच्या घरी, त्याच्याच दुसऱ्या फोनवर. ताईंनी फक्त ऐकायचं. त्या गातील तेव्हा मुलाने माइक बंद ठेवायचा. ब्लूटूथचा हेडफोन नको, कारण तो स्वतःचा उशीर वर लावतो, तारेचाच हवा. आणि प्रत्येक तासाचं रेकॉर्डिंग ठेवायचं.

या रेकॉर्डिंगनेच पुढचं सगळं घडवलं.

न्यू जर्सीची एक तेरा वर्षांची मुलगी ताईंकडे लागली होती, आई-वडील मूळचे पुण्याचे. तिचा तास आपल्या सकाळी सात वाजता, तिकडे आदल्या रात्रीचे साडेनऊ. एकदा तिने विचारलं, "ताई, भूप रात्रीचा आणि देशकार सकाळचा, सूर तेच पाच. आत्ता माझ्याकडे रात्र आहे, तुमच्याकडे सकाळ. मग आपण दोघी एकच आरोह म्हटला तर दोन राग होतात का?"

मला हा प्रश्न अजूनही फार आवडतो. ताईंनी पुस्तकातलं उत्तर दिलं. सा रे ग प ध दोन्हीकडे. भूप कल्याण थाटाचा, वादी गंधार, संवादी धैवत. देशकार बिलावल थाटाचा, वादी धैवत, संवादी गंधार. मग दोन्ही गाऊन दाखवले. मुलीला पटलं. संध्याकाळी ताईंनी तो तास परत ऐकला आणि त्यांना स्वतःलाच पटेना. बंदिश होती तोवर देशकार होता. आलाप सुरू झाला की दुसऱ्या मिनिटाला भूप.

तुम्ही म्हणाल, त्यात काय, विचारायचं कोणालातरी. पण कोणाला? त्यांचे गुरुजी पुण्यात, वय झालेलं, ऐकू कमी येतं. आणि वीस वर्षं शिकवणाऱ्या बाईने "मला देशकार येत नाही" असं म्हणायचं?

त्या वेळी संगीत शिक्षकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. नाशिक, सांगली, बेळगाव, बडोदा, इंदूर असे कुठकुठले मराठी शिक्षक. ऑनलाइन फी कशी घ्यायची, माइक कोणता, अशाच गोष्टी चालायच्या तिथे. ताईंनी चार मिनिटांचं आलापाचं रेकॉर्डिंग टाकलं आणि खाली एक ओळ लिहिली: "माझा देशकार भूप होतो. कुठे चुकतंय?"

दिवसभर कोणी काही बोललं नाही. रात्री एकाने लिहिलं, "विशारद नसताना शिकवता का आपण?" त्या ग्रुपमध्ये ताईंच्या ओळखीचे चार जण होते, त्यातल्या एकाची पुतणी क्लासला यायची. पुढच्या महिन्यापासून ती यायची थांबली. कारण हेच असेल असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण ताईंना ते लागलं. दोन दिवस त्यांनी फोन बाजूला ठेवून दिला होता.

तिसऱ्या दिवशी इंदूरच्या एका बाईंचा आवाजी निरोप आला. वयाने मोठ्या असाव्यात. त्या काय म्हणाल्या ते माझ्या शब्दांत: गंधारावर तुम्ही घर बांधता, तिथे फक्त वाटेत थांबा. ऋषभ हलका घ्या. धैवतावर बसा, तिथून पंचमावर या. वरच्या अर्ध्यात रमा, तुम्ही पुनःपुन्हा खाली येता म्हणून भूप दिसतो. आणि मग त्यांनी अडीच मिनिटं गाऊन दाखवलं. मी ते ऐकलंय. सूर तेच पाच होते आणि राग वेगळा होता.

आता जरा मागे जातो, कारण नेटवर्किंग हा शब्द आमच्या हिंजवडीत जन्मला असं काहींना वाटतं. पं. विष्णु नारायण भातखंडे वकील होते. त्यांनी देशभर फिरून घराण्याघराण्यांतून बंदिशी गोळा केल्या, लिहून काढल्या, छापल्या, आणि १९१६ साली बडोद्याला अखिल भारतीय संगीत परिषद भरली त्यामागेही तेच होते. पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. पण ताईंच्या गोष्टीला सगळ्यात जवळचे मला वाटतात ते प्रा. बी. आर. देवधर. जन्म १९०१, मिरजेचे, पलुसकरांचे शिष्य. १९२५ मध्ये त्यांनी मुंबईत ऑपेरा हाउसजवळ स्कूल ऑफ इंडियन म्युझिक काढलं. कुमार गंधर्व तिथलेच विद्यार्थी. हा माणूस स्वतः शाळा चालवत असताना शिकत राहिला. वेगवेगळ्या घराण्यांच्या गवयांकडून बंदिशी घेतल्या, पाश्चात्त्य संगीत शिकला, आवाजाच्या शास्त्राच्या मागे लागला. गवई मंडळींशी झालेल्या गाठीभेटींतून 'थोर संगीतकार' हे पुस्तक झालं, आणि मंडळाचं 'संगीत कला विहार' हे मासिक त्यांनी अनेक वर्षं संपादित केलं. गावोगावच्या शिक्षकांपर्यंत त्या काळी पोचायला मासिक हाच मार्ग होता.

देवधरांना लोक हसले नसतील का, एका घराण्याचे शिष्य असून दुसऱ्याच्या दारात जातो म्हणून? माझा अंदाज आहे, काही जण हसले असणार. ताईंचाही खरा अडसर हाच होता. इंदूरच्या बाई म्हणाल्या, "आठवड्याला एक तास या माझ्याकडे." ताई महिनाभर अडून बसल्या, कारण गुरुजींना विचारायचं होतं. शेवटी फोन केला. गुरुजी बराच वेळ गप्प राहिले आणि "बघ बाई तुझं तू" एवढंच म्हणाले. होकार की नकार, कळेना. ताईंनी तास सुरू केले, पण त्या दिवसांत त्या आनंदात नव्हत्या, हे मी जवळून पाहिलंय.

त्याच वर्षी त्यांनी ठरवलं की विशारदला बसायचं. मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर. क्रियात्मकची त्यांना भीती नव्हती, भीती लेखीची. बावीस वर्षांत तीन तास सलग लिहिलेलं नाही, बोटं दुखायची. आणि स्वरलिपी. हे मला अभ्यासात मदत करताना कळलं आणि मी थक्क झालो. भातखंडे पद्धतीत स्वराच्या वर टिंब म्हणजे तार सप्तक. पलुसकर पद्धतीत वर टिंब म्हणजे मंद्र! तारसाठी तिथे उभी रेघ. भातखंड्यांची सम गुणिलेच्या खुणेने आणि खाली शून्याने दाखवतात, पलुसकरांची सम एक आकड्याने आणि खाली अधिकच्या चिन्हाने. आमच्याकडे एकाच माहितीचे दोन फाइल फॉरमॅट असले की मारामाऱ्या होतात, इथे दोघे विष्णु शंभर वर्षांपूर्वीच हे करून बसलेत. एकच बंदिश डाव्या पानावर एका पद्धतीत, उजव्या पानावर दुसऱ्या पद्धतीत, अशा दोन वह्या ताईंनी भरल्या. भांडी झाल्यावर, रात्री दहानंतर. त्यांचा मुलगा तेव्हा बारावीला होता, तोही तिथेच अभ्यासाला बसायचा.

परीक्षेच्या आधी पंधरा दिवस गुरुजींचा फोन आला, आपणहून. "देशकार म्हण," म्हणाले. ताईंनी फोनवर म्हटला, तानपुऱ्याशिवाय, स्वयंपाकघरात उभ्यानेच. ऐकून झाल्यावर गुरुजी म्हणाले, "धैवत अजून पक्का कर. आणि त्या इंदूरच्या बाईंना माझा नमस्कार सांग."

विशारद प्रथम झाली. पहिल्या वर्गात नाही, दुसऱ्या वर्गात. ताई चिडल्या होत्या, मी पेढे आणले तर म्हणाल्या, "ठेव ते, पूर्णच्या वेळी आण." त्या ग्रुपमध्ये त्यांनी निकाल टाकला नाही. टाका म्हणून मी बराच मागे लागलो, ऐकलं नाही.

क्लासचं म्हणाल तर गावातली मुलं परत आली, सगळी नाही. सकाळचे तीन तास परदेशातले, संध्याकाळ इथल्यांची. पखवाजवाला मुलगा आता ताईंकडून रागाचं शास्त्र शिकतो आणि त्याच्या भजनी मंडळातले दोघे मोठे बाप्ये शनिवारी येऊन मागच्या बाजूला बसतात. ताईंनी त्यांना एकदाही परीक्षेचा फॉर्म दाखवलेला नाही. न्यू जर्सीच्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तरही अजून द्यायचं राहिलंय. ताई म्हणतात, "तिला सांगितलंय, विशारद पूर्णचा पेपर झाला की बोलू."

गाळणी बंद करायच्या सेटिंगचे फोटो ज्यांना हवेत त्यांनी कळवा, मोबाइल आणि लॅपटॉप दोन्हीचे आहेत माझ्याकडे. पुढच्या भागात हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्या एका काकांशी गप्पा आहेत. ते वेळेवर आले तर. भेटूया.