अर्ज यंदा भरायचा की पुढच्या वर्षी?

आम्ही हिवरे बाजारच्या बचत गटातल्या बाया.

जूनमध्ये नीटचा निकाल लागला की गटाच्या बैठकीत एक प्रश्न येतोच. "पोरीला डॉक्टरकीला थोडे मार्क कमी पडले. आणखी एक वर्ष बसवायची का?" मागे एका ताईंनी हाच प्रश्न विचारला आणि लातूरच्या क्लाससाठी कर्ज मागितलं. घरात आजी म्हणत होत्या, स्थळ बघा. मामा म्हणत होते, काहीही करा, पण परीक्षेला बसवा. पोरगी गप्प. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

तेव्हा आम्ही म्हटलं, आपण गावात पाण्याचा ताळेबंद मांडतो, तसा याचाही मांडू. आपल्याकडे पाऊस किती झाला ते मोजतात, विहिरींची पातळी बघतात आणि मग ग्रामसभेत ठरतं. आधी माणसांना प्यायला, मग जनावरांना, मग शेतीला. पाणी कमी असलं तर शेती कुणी सोडत नाही, त्या वर्षाचं पीक बदलतात.

पहिलं माप वेळेचं. अर्ज साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये भरतात आणि परीक्षा मे महिन्यात असते. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षं पूर्ण हवीत. वरच्या वयाची अट आता नाही आणि किती वेळा बसायचं यालाही मर्यादा नाही. म्हणजे "वय निघून चाललं" ही भीती परीक्षेची नाही, ती आपल्या घरातली आहे.

दुसरं माप अभ्यासाचं. पेपर ७२० मार्कांचा. बरोबर उत्तराला ४ मिळतात, चुकलं तर १ जातो. पोरीला विचारा, मार्क नेमके कुठे गेले? एका विषयाचा पाया कच्चा राहिला असेल, तर एका वर्षाचा उपयोग होतो. पण तिला अभ्यासाला वेळच मिळाला नसेल आणि पुढच्या वर्षीही भाकरी, धुणं, धाकटी भावंडं तिच्याकडेच राहणार असतील, तर ते वर्ष वाया जाईल. मग आधी घरातली कामं वाटून घ्या.

तिसरं माप पैशाचं आणि कागदांचं. ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक-शैक्षणिक मागास घटकांतल्या मुलींना केंद्रीय प्रवेश फेरीतून प्रवेश मिळाला, तर शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क माफ आहे. हा शासन निर्णय जुलै २०२४ चा. खासगी अभिमत विद्यापीठाला तो लागू नाही. होस्टेल आणि खानावळीचा खर्चही वेगळा धरा. अधिवास, उत्पन्न, नॉन-क्रिमिलेअर, जात वैधता हे कागद निकालाची वाट न बघता आधीच काढायला टाका. वैधतेला वेळ लागतो.

चौथं माप सगळ्यात मोठं. का व्हायचंय डॉक्टर? आनंदीबाई जोशी अमेरिकेला निघाल्या तेव्हा लोकांनी नाना प्रश्न केले. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधल्या श्रीरामपूरला, आपल्या जिल्ह्यातल्या नव्हे, त्यांनी भर सभेत उभं राहून उत्तरं दिली. अठरा वर्षंही पूर्ण नव्हती. नवऱ्याचा आग्रह होता हे खरं, पण का जायचं ते त्या स्वतः बोलल्या. १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी क्षयानं गेल्या. म्हणून पोरीचं खाणंपिणं, झोप, तब्येत हेही ताळेबंदात धरा. प्यायचं पाणी आधी, तसंच हे.

त्या ताईंच्या घरी आम्ही तिघी गेलो आणि पोरीला बोलतं केलं. ती म्हणाली, "फिजिक्स कच्चं राहिलं. एकच वर्ष द्या. नाही जमलं तर जे मिळेल ते मी आनंदानं घेईन." गटानं कर्ज दिलं. हप्ता किती आणि तो कुठून येणार, हे आधी वहीत लिहिलं. एमबीबीएसबरोबर बीएएमएस आणि बीएचएमएसलाही नीटचेच मार्क लागतात, हे तिला माहीत होतं. बी.एस्सी. नर्सिंगच्या वेगळ्या सीईटीचाही अर्ज तिनं भरून ठेवला.

पुढच्या वर्षी मार्क वाढले, पण एमबीबीएस मिळालं नाही. तिनं बीएएमएस घेतलं. घरात थोडी हळहळ झाली, पण रडारड झाली नाही, कारण पुढचं आधीच ठरलं होतं. आजी आता गुडघ्याचं औषध तिलाच विचारतात. ती सांगते, "आजी, अजून शिकतेय, सरकारी दवाखान्यात दाखवा."

मैत्रिणींनो, तुमच्या घरात हा प्रश्न आला, तर एका संध्याकाळी वही घेऊन बसा. वेळ, अभ्यास, पैसा-कागद, कारण आणि तब्येत, सगळं लिहा. शेवटचं वाक्य मात्र पोरीला लिहू द्या.