न दुखणारी जखम

(वैद्यकीय सेवेच्या रविवारी उपासनेनंतर मंडळीपुढे केलेले भाषण)



पाळकसाहेबांनी मला मधुमेहाविषयी बोलायला सांगितले आहे. मी डॉक्टर नाही, पाड्यापाड्यांवर फिरणारा सेवक आहे. म्हणून एका पायाची हकिकत सांगतो. तिच्यात माझी चूकही आहे.

सातपुड्यातल्या एका पाड्यावर साठीचे एक दादा राहतात. ऊसतोडीला गुजरातपर्यंत जाऊन आलेले, जन्मभर अनवाणी डोंगर चढलेले. शिबिरात त्यांना साखरेचा आजार निघाला होता. गोळ्या कधी घ्यायचे, कधी संपलेल्या असायच्या. मागच्या थंडीत मी घरभेटीला गेलो, तेव्हा ते शेकोटीकडे पाय करून बसले होते. चहा झाला, शास्त्रवाचन झाले. मी त्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि निघालो. त्यांच्या पायांकडे मी पाहिले नाही.

तीन आठवड्यांनी निरोप आला. शेकोटीच्या धगीने तळपायाला फोड आला होता, तो फुटून पू झाला होता आणि अंगठा काळा पडला होता. दादा म्हणाले, "दुखलंच नाही, मग दाखवू कशाला?" डॉक्टरांना गुडघ्याखाली पाय कापावा लागला. जीव वाचला, देवाचे आभार. पण मोहफुले वेचायला आणि शेतात उतरायला आता त्यांना दुसऱ्याचा खांदा लागतो.

"दुखलंच नाही" हेच या आजाराचे खरे भय आहे. रक्तातली साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की पायांच्या नसा बधिर होतात. काटा रुतला, खडा टोचला, निखारा लागला तरी कळत नाही. रक्तवाहिन्याही अरुंद होतात, त्यामुळे जखम भरत नाही. त्यात बिडी-तंबाखू असेल तर धोका आणखी वाढतो. मधुमेहामुळे पाय कापावे लागलेल्या शंभर जणांपैकी साधारण ८५ जणांच्या बाबतीत सुरुवात एका जखमेने झालेली असते. म्हणजे ती जखम टाळली किंवा वेळेवर भरून आणली, तर बहुतेक पाय वाचू शकतात.

हे ज्ञान आपल्याला कुष्ठरोग्यांच्या सेवेतून मिळाले आहे. डॉ. पॉल ब्रँड यांचा जन्म १९१४ साली तामिळनाडूच्या कोल्ली डोंगरांत एका मिशनरी घरात झाला. १९४६ साली ते वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात आले. कुष्ठरोगाने बोटे आपोआप झडतात, असा तेव्हा समज होता. ब्रँड यांनी बारकाईने पाहिले, तेव्हा कळले की वेदना जाणवत नसल्यामुळे रोगी नकळत स्वतःला पुन्हापुन्हा इजा करून घेतात आणि त्यातून बोटे जातात. पुढे अमेरिकेत त्यांनी हाच अनुभव मधुमेही रुग्णांच्या पायांसाठी वापरला. वेदना ही देवाची देणगी आहे, असे ते आयुष्यभर सांगत राहिले. ती देणगी ज्याच्या पायातून गेली, त्याच्यासाठी पाहण्याचे काम डोळ्यांनी आणि हातांनी केले पाहिजे.

ते कसे करायचे, ते सांगतो. घरी मधुमेही माणूस असेल, तर त्याला डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी यांच्या टोकांना आपल्या बोटाने अगदी हलका, क्षणभर स्पर्श करा. दाबू नका, घासू नका. सहा ठिकाणांपैकी दोन किंवा अधिक ठिकाणी कळले नाही, तर पाय धोक्यात आहे असे समजा आणि डॉक्टरांना दाखवा.

रोज रात्री पाय धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा आणि तळवा पाहा. स्वतःला वाकता येत नसेल, तर नातवंडाला पाहायला सांगा. टाचेला भेगा असतील तर तेल लावा, पण बेचक्यांत नको. घरातही अनवाणी चालू नका. चप्पल घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा किंवा खिळा नाही ना, ते बघा. शेकोटीपासून पाय दूर ठेवा, गरम पाण्यात बुडवू नका. कुरूप ब्लेडने कापू नका.

जखम दिसली तर स्वच्छ पाण्याने धुऊन स्वच्छ कापडाने झाका. तिच्यावर तंबाखू, चुना, राख लावू नका. त्या पायावर भार न देता त्याच दिवशी दवाखाना गाठा. दुखत नाही म्हणून थांबू नका. सूज, लाली, दुर्गंधी, काळेपणा किंवा ताप असेल तर एक रात्रही घालवू नका.

बंधुभगिनींनो, वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री प्रभूने शिष्यांचे पाय धुतले. पेत्राला किती संकोच वाटला, हे आपण जाणतो. माझ्या धर्मशिक्षणाच्या काळात मी त्या अध्यायावर निबंध लिहिला होता. तरी दादांच्या घरी मी फक्त डोक्यावर हात ठेवून आलो. पाय मागायचा मला संकोच वाटला, दाखवायचा त्यांना.

आता घरभेटीला जाताना मी एक लहान पातेले आणि पंचा नेतो. प्रार्थनेआधी पाय पाहतो. आपल्या महिला मंडळाने आणि तरुण संघानेही प्रत्येक घरभेटीत हे करावे, अशी माझी विनंती आहे. दुसरी विनंती चपलांची. बधिर पायांसाठी आत मऊ आणि खाली टणक तळ असलेल्या एमसीआर चपला लागतात. डोंगरातल्या माणसाला त्या गावात मिळत नाहीत आणि विकत घेणे परवडत नाही. या तिमाहीचे दान त्यासाठी द्यावे.

दादा आता कुबडीवर उपासनेला येतात आणि दाराशी बसतात. मधुमेह असलेला कोणी आला की त्याला म्हणतात, "आधी पाय दाखव, मग आत जा." लोक हसतात, पण दाखवतात. मागच्या महिन्यात एका बहिणीच्या टाचेतला काटा त्यांनाच दिसला. ती त्याच दिवशी दवाखान्यात गेली. आज ती इथे दुसऱ्या रांगेत बसली आहे, दोन्ही पायांवर चालत आलेली.

देव आपणा सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.