आधी पूर्वपक्ष, मग उत्तर
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला बोलायला सांगताना एकच अट घातली : "तू कॉम्प्युटरवाली, तेव्हा कॉम्प्युटरवरच बोल, पण आम्हाला कळलं पाहिजे." मी गेली २२ वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काम करते आहे. सुरुवातीला शिकलेलं बहुतेक सगळं आता जुनं झालं. एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून आजपर्यंत तशीच आहे, आणि ती समजायला कॉम्प्युटर यावा लागत नाही. ती म्हणजे आमच्या लोकांची भांडणं.

आपल्या बॅचच्या ग्रुपवर राजकारणाला बंदी घातल्यावर आयफोन चांगला की अँड्रॉइड यावर तीन दिवस जुंपली होती आणि दोघं जण ग्रुप सोडून गेले होते, हे तुम्हाला आठवत असेल. आमच्या क्षेत्रात हे रोजचंच आहे. विंडोज की लिनक्स, ही भाषा की ती. 'ईमॅक्स' आणि 'व्हीआय' हे प्रोग्राम लिहायचे दोन एडिटर आहेत. दोन्ही १९७६ सालचे, म्हणजे आपल्यापेक्षा वयाने मोठे. त्यातला कोणता चांगला, हा वाद अजून मिटलेला नाही.

यातली काही भांडणं खरोखर अंड्याची आहेत. 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'मधल्या बुटक्या लोकांची लढाई आठवते ना? उकडलेलं अंडं रुंद टोकाकडून फोडायचं की निमुळत्या, यावरून दोन राज्यं एकमेकांच्या जिवावर उठतात. कॉम्प्युटरमध्ये मोठी संख्या साठवताना तिचा मोठ्या किमतीचा भाग आधी ठेवायचा की लहान किमतीचा, यावर असाच वाद होता. १९८० साली १ एप्रिलला डॅनी कोहेन नावाच्या शास्त्रज्ञाने या वादावर एक टिपण लिहिलं आणि दोन्ही पक्षांना त्या गोष्टीतलीच नावं दिली. ती नावं आज इंजिनिअरिंगच्या पुस्तकात गंभीरपणे शिकवली जातात. कोहेनचं म्हणणं इतकंच होतं की कोणती पद्धत निवडता याला फार महत्त्व नाही. सगळ्यांनी एकच निवडा. आज इंटरनेटवरून माहिती पाठवण्याचा नियम 'मोठा भाग आधी' असा आहे, तर आपल्या बहुतेक लॅपटॉपच्या आत पद्धत नेमकी उलटी आहे. मशीन मधल्यामध्ये उलटापालट करून घेतं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

लहान गोष्टींवर एवढा जोर का? पार्किन्सन या इंग्रज लेखकाने १९५७ साली याचं कारण सांगितलं. त्याच्या गोष्टीतल्या समितीपुढे अणुभट्टीचा प्रस्ताव येतो आणि काही मिनिटांत मंजूर होतो, कारण अणुभट्टी बहुतेकांना कळत नाही. पुढचा विषय असतो सायकली ठेवायच्या शेडचा. शेड सगळ्यांना कळते, म्हणून तिच्यावर सगळे बोलतात. आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेत बसलेल्या प्रत्येकाने हे पाहिलेलं आहे! प्रोग्रामच्या ओळी मांडताना डावीकडे मोकळी जागा टॅबने सोडायची की स्पेसने, हा आमचा सायकल शेड. 'गो' ही भाषा तयार करणाऱ्यांनी त्यावर चांगला उपाय केला. मांडणी नीट करणारं साधनच त्यांनी भाषेबरोबर दिलं. ते साधन जे करेल ते बरोबर, विषय संपला.

पण सगळीच भांडणं अंड्याची नसतात. काहींमध्ये खरोखर मोठा प्रश्न असतो. त्यातलं सर्वांत गाजलेलं भांडण २९ जानेवारी १९९२ला सुरू झालं. आपण तेव्हा सहावीत होतो.

अॅम्स्टरडॅममध्ये अँड्र्यू टॅनेनबॉम हे प्राध्यापक होते. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय ते विद्यार्थ्यांना आतून पाहता यावं, म्हणून त्यांनी १९८७ साली 'मिनिक्स' नावाची छोटी सिस्टिम स्वतः लिहिली होती. तिकडे हेलसिंकीत लिनस टोरवाल्ड्स हा विद्यार्थी मिनिक्स वापरत वापरत स्वतःची सिस्टिम लिहायला लागला आणि १९९१च्या ऑगस्टमध्ये त्याने ते मिनिक्सवाल्यांच्या चर्चागटात जाहीर केलं. हा केवळ छंद आहे, असं त्याने तेव्हा लिहिलं होतं. पाच महिन्यांनी टॅनेनबॉम यांनी त्याच गटात लिहिलं, 'लिनक्स कालबाह्य आहे.' एका बाजूला ४७ वर्षांचा, म्हणजे साधारण आपल्या आजच्या वयाचा नावाजलेला प्राध्यापक. दुसऱ्या बाजूला २२ वर्षांचा पोरगा.

मुद्दा काय होता ते वाड्याच्या उदाहरणाने सांगते. लिनक्सची रचना एकत्र कुटुंबाच्या वाड्यासारखी. सगळी कामं एका छपराखाली, त्यामुळे झटपट होतात. पण एका खोलीला आग लागली तर सगळा वाडा धोक्यात. टॅनेनबॉम यांना हवी होती वेगवेगळ्या घरांची वस्ती. मधे फक्त लहानसं केंद्र, बाकी प्रत्येक काम आपापल्या घरात. आग लागली तर ती त्या घरापुरती राहील. पण वाटीभर साखर हवी असली तरी दुसऱ्याचं दार वाजवायचं, आणि त्यात वेळ जातो. शिवाय लिनक्स इंटेलच्या एकाच जातीच्या प्रोसेसरला बांधलेलं आहे आणि ती जात लवकरच मागे पडेल, असाही त्यांचा आक्षेप होता. तू माझा विद्यार्थी असतास तर अशा रचनेला मी चांगले गुण दिले नसते, असंही ते बोलून गेले. पोराने तिखट उत्तर दिलं, मिनिक्समधल्या उणिवा मोजून दाखवल्या आणि दुसऱ्या दिवशी आपला सूर जास्त चढला होता हे मान्यही केलं. तात्त्विकदृष्ट्या वस्तीची रचना अधिक देखणी आहे, हेही त्याने कबूल केलं होतं.

मग जिंकलं कोण? आज तुमच्या अँड्रॉइड फोनच्या तळाशी लिनक्स आहे. २०१७च्या नोव्हेंबरपासून जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतला प्रत्येक संगणक लिनक्सवर चालतो. इंटेलची ती जात मागे पडली नाही. म्हणजे पोरगा जिंकला म्हणायचं? पण लिनक्स पुढे कितीतरी जातींच्या प्रोसेसरवर नेलं गेलं, म्हणजे एकाला बांधून राहू नये हा प्राध्यापकांचा आग्रह बरोबरच होता. गाड्यांमध्ये आणि जिथे बंद पडून चालत नाही अशा यंत्रांमध्ये वस्तीच्या रचनेच्या सिस्टिम वापरल्या जातात. आणि २०१७ साली असं उघड झालं की इंटेलच्या चिपमध्ये आतल्या आत एक छोटी देखरेख करणारी यंत्रणा असते आणि तिच्यात चक्क मिनिक्स आहे. ज्याने लिनक्सच्या बाजूने भांडून रात्री जागवल्या, त्याच्याच लॅपटॉपमध्ये कदाचित मिनिक्स मुकाट्याने काम करत असेल!

पण या गोष्टीतला मला सर्वांत आवडणारा भाग १२ वर्षांनंतरचा आहे. २००४ साली अमेरिकेतल्या एका संस्थेच्या अध्यक्षांनी असा संशय उभा केला की एकटा विद्यार्थी एवढी सिस्टिम लिहूच शकत नाही, ती मिनिक्सवरून उचललेली असणार. टॅनेनबॉम यांना नुसतं गप्प बसून जुना हिशेब चुकता करता आला असता. त्यांनी उलट जाहीरपणे लिहिलं की लिनक्स टोरवाल्ड्सनेच लिहिलं. मिनिक्स मी एकट्याने लिहिलं होतं, तेव्हा एकटा माणूस हे करू शकतो हे मला ठाऊक आहे. आणि त्याच लिखाणात त्यांनी हेही सांगितलं की रचनेबद्दलचं माझं मत अजून तेच आहे. मत सोडलं नाही आणि माणसावर अन्यायही होऊ दिला नाही. भांडावं तर असं.

आपल्याकडे याला फार जुना शब्द आहे : पूर्वपक्ष. आपलं म्हणणं मांडण्याआधी समोरच्याचं म्हणणं इतकं नीट मांडायचं की त्याने म्हणावं, "हो, मला हेच म्हणायचं होतं." आपल्या मराठीच्या बाई वादविवाद स्पर्धेच्या तयारीत हेच करून घ्यायच्या. समोरच्या बाजूचे तीन चांगले मुद्दे वहीत लिहून दाखवल्याशिवाय बोलायला उभं राहू देत नसत. आपल्याला तो जाच वाटायचा. आज ऑफिसात मी तोच जाच इतरांना करते.

हे न केल्याची किंमत किती असते? पायथॉन ही आजची अतिशय लोकप्रिय भाषा. ती निर्माण करणाऱ्या गिडो व्हॅन रॉसम यांना लोक गमतीने 'तहहयात कृपाळू हुकूमशहा' म्हणत. २०१८च्या जुलैमध्ये त्यांनी ते पद सोडलं. कारण झालं एका छोट्या चिन्हाचं. अपूर्णविरामापुढे बरोबरचं चिन्ह, ते भाषेत घ्यावं की नाही यावर इतकी कडवट भांडणं झाली की निर्णय त्यांच्या बाजूने लागूनही माणूस थकून गेला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, आपल्या जहाल ईमेलसाठी प्रसिद्ध असलेल्या टोरवाल्ड्सने सहकाऱ्यांची जाहीर माफी मागितली आणि लोकांच्या भावना समजून घ्यायला मदत हवी म्हणून काही आठवडे सुट्टी घेतली.

ही मोठी माणसं. त्यांचं थकणं बातमी होतं. जो आधीच गप्प बसतो त्याची बातमी होत नाही. आमच्या टीममध्ये विदर्भातल्या तालुक्याच्या गावातून आलेली एक मुलगी होती. पहिलीच नोकरी, हुशार, पण इंग्रजीत बोलताना अडखळणारी. आमचा एक प्रोग्राम फार हळू चालत होता. तो नव्या भाषेत पुन्हा लिहावा की नाही, यावर दोन ज्येष्ठ मंडळी सलग दोन दिवस एकमेकांचे वाभाडे काढत होती. नंतर चहाच्या टपरीवर ती मला हळूच म्हणाली, "मॅडम, भाषेचा प्रश्नच नाहीये. आपला प्रोग्राम प्रत्येक ओळीसाठी डेटाबेसला वेगळा प्रश्न विचारतो. हजारदा जातो आणि येतो." म्हणजे किराणा आणायला प्रत्येक जिनसासाठी वेगळी फेरी! मी विचारलं, "मग मीटिंगमध्ये का नाही बोललीस?" ती म्हणाली, "त्या दोघांनी एकमेकांना एवढं फाडलं. माझं काही चुकलं असतं तर?"

तिचं निदान अचूक निघालं. एकदाच यादी घेऊन जायची व्यवस्था केली आणि काम दोन दिवसांत संपलं. नवी भाषा राहिली बाजूला. त्यानंतर आमच्या टीममध्ये दोन नियम झाले. चर्चेच्या आधी प्रत्येकाने आपलं म्हणणं पाच ओळींत लिहून द्यायचं, आणि बोलायला सुरुवात सर्वांत धाकट्याने करायची. मोठ्यांनी आधी बोललं की धाकटे फक्त मान डोलावतात, हे इथे बसलेल्या शिक्षकांना मी सांगायला नको.

आता शेवटचं. हा वाद आपल्या भाषेचा आहे, आणि त्यात पुरेशी माणसं बोलतच नाहीत. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांत घोटाळा झाला तर व्याख्यानाचं आमंत्रण स्वयंपाकघरात जाईल. हा जो 'ऱ्य'मधला आडवा रफार आहे, तो मराठीची खास गरज आहे. युनिकोडमध्ये तो दोन पद्धतींनी लिहिता येतो. एकीत नुक्ता असलेला 'ऱ' वापरतात, दुसरीत साध्या 'र'ला हलन्त देऊन पुढे न दिसणारं जोडचिन्ह ठेवतात. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, मशीनला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. प्रोग्राम लिहिणाऱ्याने दोन्ही एकच मानायची सोय केली नसेल, तर एका पद्धतीने शोधलं की दुसऱ्या पद्धतीने लिहिलेलं सापडत नाही. उद्या सगळी सरकारी कागदपत्रं, सातबारा, मुलांचे दाखले संगणकावर शोधताना 'कऱ्हाडे' आडनावाच्या माणसाची नोंद सापडायची असेल, तर हा प्रश्न अंड्याचा नाही.

इथे व्याकरण जाणणाऱ्या शिक्षकांनी बोललं पाहिजे, वकिलांनी आणि तहसील कचेरीतल्या आपल्या मित्रांनीही बोललं पाहिजे. सायकल शेडवर आपण भरपूर बोललो. आता थोडं अणुभट्टीवर बोलू या. माझ्याशी असहमत असाल तर जेवणाच्या पंगतीत माझ्या शेजारी बसा. फक्त आधी माझं म्हणणं तुमच्या शब्दांत सांगा; मग तुमचं मी शेवटपर्यंत ऐकेन.