शिसे : गुण, उपयोग आणि सावधगिरी



मुलांच्या हातातील शिसपेन्सिलीत शिसे मुळीच नसते. असते ते ग्रॅफाइट व चिकणमाती. पाठाचा आरंभ येथूनच करावा. खरे शिसे नखाने ओरखडा उठेल इतके मऊ, परंतु पाण्याच्या सुमारे ११.३ पट जड असते. ते ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून ओतकामास सोपे. सातवाहनांनी त्याची नाणी पाडली. मुद्रकांचे खिळेही शिशाच्या मिश्रधातूचे असत. आज त्याचा सर्वाधिक उपयोग बॅटरीत होतो. क्ष-किरण अडविण्यासही ते वापरतात.

परंतु हा धातू विषारी आहे. तो हाडांत साठतो व वाढत्या मेंदूस इजा करतो. बालकांचे शरीर तो प्रौढांच्या चार-पाच पट शोषू शकते. अशा मुलाचे लक्ष टिकत नाही, आणि आपण त्यास आळशी ठरवितो!

शिसेयुक्त पेट्रोल भारतात सन २००० मध्ये बंद झाले. २०१७ पासून घरगुती रंगांतील शिशावर दशलक्षांत ९० भागांची मर्यादा आहे. तथापि शाळेच्या दारांवरील जुन्या रंगात ते असू शकते. असा रंग कोरडा खरवडू नये. मुले नसताना, ओला करून काढावा. फुटक्या बॅटऱ्या मुलांच्या हाती पडू देऊ नयेत. पारंपरिक शेंदूर हेही शिशाचेच संयुग; तो तोंडात जाऊ नये. भोजनापूर्वी साबणाने हात धुण्याचा नेम मात्र एक दिवसही चुकवू नये. झालेली हानी भरून निघत नाही. टाळणे आपल्या हाती आहे.