माझी अम्मी ग्रंथपाल होती
(स्मृतिसभेतील भाषण)



अम्मीला जाऊन वर्ष झालं. या वर्षभरात घरी आलेले बहुतेक जण एकच वाक्य बोलले, "तुमच्या अम्मीनं मुलांसाठी फार सोसलं." ते खरंच आहे. पण बाईच्या आयुष्याचा हिशेब 'सोसलं' या एका शब्दात मिटवला की तिनं काय केलं ते सांगायचं राहून जातं. अम्मी ३० वर्षं ग्रंथपाल होती. आज मला तिच्या त्या कामाबद्दल बोलायचं आहे.

आमचं गाव सोलापूर जिल्ह्यातलं, तालुक्याचं. वाचनालय दोन खोल्यांचं. एकीत कपाटं, दुसरीत वर्तमानपत्रांची टेबलं. अम्मी लग्नाआधी दहावी झाली होती. मी दुसरीत असताना ती बारावीला बसली आणि मग तिनं ग्रंथालयाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम केला. वाचनालय सकाळी ८ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ८ उघडं असायचं. मधल्या वेळात भाकऱ्या, धुणं आणि आम्हा तिघा भावंडांचं सगळं. संध्याकाळी आम्ही दप्तरं घेऊन तिच्याबरोबर वाचनालयातच बसायचो. रमजानमध्ये ती रोजा टेबलाशीच सोडायची. शिपाईकाका अजानच्या आधीच तांब्या भरून ठेवायचे. एक खजूर, घोटभर पाणी, की लगेच पुढच्या वाचकाचं पुस्तक नोंदवायला घ्यायची.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. गावोगावच्या वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात आणि त्या वर्गाप्रमाणे सरकारी अनुदान मिळतं. पण ही वाचनालयं स्थानिक संस्था चालवतात. त्यामुळे तिथला कर्मचारी सरकारी नोकर नसतो. अनुदानाचा हप्ता आला की पगार. हप्ता लांबला की अम्मी किराणावाल्याला सांगायची, "मार्च के बाद देती." अब्बांचं सायकलचं दुकान होतं म्हणून घर चाललं. तरी अम्मीनं नोकरी सोडली नाही, आणि अब्बांनीही कधी सोड म्हटलं नाही.

पुस्तकांच्या पाठीवर जे अंक असतात, ते मी पाढ्यांच्या आधी शिकले. ड्यूईच्या दशांश पद्धतीत मराठी साहित्याचा वर्गांक ८९१.४६ आणि उर्दू साहित्याचा ८९१.४३९. इस्लामची पुस्तकं २९७ खाली. शाळेत मला कुणीतरी नेहमी म्हणायचं, "तुम्ही मुसलमान, तरी मराठी किती छान बोलता!" घरी येऊन मी चिडायचे. एकदा अम्मीनं मला कपाटासमोर उभं केलं आणि दोन्ही वर्गांक वाचायला लावले. म्हणाली, "देख, दोन्ही एकाच ८९१ मध्ये. हे कपाट मी रोज पुसते. आपल्याला कोण परकं म्हणणार?"

१९९० साली सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झालं, तेव्हा ती एस.टी.नं गेली आणि पिशवी भरून पुस्तकं घेऊन आली. पुढे मेहरुन्निसा दलवाईंचं 'मी भरून पावले आहे' प्रसिद्ध झालं. ते मागवायचं की नाही यावर आमच्या संस्थेच्या समितीत वाद झाला. अम्मीचं म्हणणं एवढंच होतं की वाचकांनी मागणी नोंदवहीत लिहून मागितलं आहे. पुस्तक आलं.

आता मला जे मुख्य सांगायचं आहे ते सांगते. मी नववीत होते. एका संध्याकाळी मोहल्ल्यातले एक गृहस्थ आले आणि अम्मीला म्हणाले, "आमच्या भावजयीनं इथून काय नेलं ते दाखवा." अम्मीनं देवघेवीची वही बंद केली. "वही संस्थेची आहे. लेखी अर्ज द्या, मी समितीपुढे ठेवते." ते ओरडले. अब्बांपर्यंत गेले. समितीतल्या एका सदस्यानंही अम्मीला सांगून पाहिलं, की आपल्याच लोकांशी वैर कशाला. अम्मीनं वही उघडली नाही. अर्जही कधी आला नाही. त्या बाईनं काय नेलं होतं ते अम्मीनं घरी आम्हालाही कधी सांगितलं नाही.

ते मला याच वर्षी कळलं. अम्मी गेल्यावर ती बाई घरी आली आणि तिनं स्वतः सांगितलं. आज इथे बोलायची परवानगीही तिनंच दिली आहे. ती पुस्तिका १९३९च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्याची होती. नवऱ्याचा चार वर्षं ठावठिकाणा नसेल, किंवा त्यानं दोन वर्षं पोटगी दिली नसेल, तर बायको न्यायालयातून विवाह रद्द करून घेऊ शकते, हे तिनं त्यात वाचलं. असा कायदा असतो हे तोवर तिला कुणी सांगितलं नव्हतं. वाचनालयात ती पुस्तिका नव्हती. अम्मीनं सोलापूरहून मागवली आणि एका पाककृतीच्या पुस्तकाबरोबर तिच्या पिशवीत घातली. "कशाला हवी?" असं अम्मीनं एकदाही विचारलं नाही, हे सांगताना ती बाई रडली.

डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे, हा त्यांतल्या दुसऱ्या सूत्राचा अर्थ. अम्मीनं ते परीक्षेसाठी पाठ केलं होतं, पण बोलताना ती आपल्या दखनीतच सांगायची, "जिसकू जो होना, उसकू वो मिलना." आम्हा मुलांनाही तिनं असंच वाढवलं. काय वाचतोस, काय वाचतेस याची तिनं कधी झडती घेतली नाही. मला विज्ञान सोडून इतिहास घ्यायचा होता, तेव्हाही तिनं फक्त दोन पुस्तकं आणून दिली आणि म्हणाली, "पढ. फिर बोल." तिच्या आईपणात आणि तिच्या कामात मला फरक सापडत नाही.

तुमच्यापैकी कुणी म्हणेल, आता सगळं मोबाईलवर मिळतं. मिळतं ना. पण घरात एकच मोबाईल असेल आणि तो भाऊ तपासत असेल, तर मुलीनं काय शोधलं ते घरभर कळतं. अशा मुलीला, प्रश्न न विचारणारं एक टेबल आजही लागतं.

अम्मीच्या नावानं पुरस्कार ठेवू, असं काही जण सुचवतात. त्यांचे आभार. पण माझी मागणी लहान आहे. आपापल्या गावातल्या वाचनालयाचे सभासद व्हा. बहिणीला, वहिनीला, आईला सोबत न्या आणि त्यांच्या नावानं वेगळी वर्गणी भरा. हवं ते पुस्तक नसेल तर मागणी नोंदवहीत लिहा. लिहिलेली मागणी हातात असली, की ग्रंथपालाला समितीपुढे बोलता येतं. हे अम्मीचंच सांगणं आहे.